मागच्या दोन खोल्यांत कोण राहतं?

पत्र थोडक्यात असं: लेखिका 44 वर्षांच्या. नवरा-बायको दोघंही नोकरीत, सोळा वर्षं भाड्याच्या घरात. नवऱ्याच्या तालुक्याच्या गावी सहा गुंठ्यांवरचं एक जुनं घर विकायला निघालं आहे. रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, त्याची किंमत 80 लाख होते, मालक 45 लाखांत द्यायला तयार आहेत. तीन भाऊ आणि एक बहीण असे चौघं मालक, सगळे बाहेरगावी. घराच्या मागच्या दोन खोल्यांत एक कुटुंब कित्येक वर्षं राहतं. मालकांच्या वडिलांनी ठेवलेल्या राखणदाराचं. राखणदार वारला, आता त्याची बायको, मुलगा, सून आणि दोन नातवंडं आहेत. 2015 मध्ये मालकांनी खोल्या खाली करण्याची नोटीस पाठवली, तेव्हा वकिलामार्फत उत्तर आलं, ‘जागा आमची आहे, तुमचा संबंध नाही.’ त्यानंतर दोन्हीकडून काहीच झालं नाही. आता मालकांना सहा महिन्यांत व्यवहार उरकायचा आहे. एजंट म्हणतो, ‘खरेदीखत करा, चार लाख वेगळे द्या, दोन महिन्यांत माझी माणसं लावून खाली करून देतो.’ नवरा म्हणतो, ‘आपण नाही घेतलं तर दुसरा घेईल, आणि तो काही दया दाखवणार नाही.’ लेखिकेला झोप लागत नाही. त्या विचारतात, ‘घुसखोरांचा काहीच हक्क नसतो ना? मग मला अपराधी का वाटतंय? हे घर घ्यावं की नको?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि एका शब्दाखाली रेघ मारत गेले. ‘घुसखोर’. पाच ठिकाणी आलाय. आणि त्याच पत्रात तुम्हीच लिहिलंय की त्या माणसाला मालकांच्या वडिलांनी बोलावून ठेवलं होतं, घर राखायला.

मग ते घुसले कधी?

हा शब्दांचा कीस नाही. पुढचं सगळं याच एका शब्दावर ठरतं. कुलूप तोडून रिकाम्या घरात शिरलेला माणूस वेगळा. मालकाच्या परवानगीने राहिलेला वेगळा. नोकरीबरोबर खोली मिळालेला वेगळा, आणि महिन्याला शंभर रुपये का होईना, देऊन पावती घेणारा तर अगदीच वेगळा. चौघंही जागा सोडत नाहीत, एवढंच त्यांच्यात सारखं. भाड्याच्या पावत्या निघाल्या तर प्रकरण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 कडे वळू शकतं, आणि तिथे जागा परत मागायची कारणंच कायद्याने मोजून दिलेली आहेत. उलट तो निव्वळ राखणदार असेल, तर मालकाची बाजू भक्कम आहे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका घराच्या वादात, बहीण-भावातल्या, स्पष्ट सांगितलं की राखणदार, केअरटेकर किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्या मालमत्तेत त्याचा हक्क तयार होत नाही.

‘त्यांचा काहीच हक्क नाही’ हे एजंट बहुधा याच जोरावर म्हणतो. खरं असेलही. पण ताई, हे तुम्हाला एजंटाने सांगितलं, मालकांपैकी थोरल्या भावाने सांगितलं, मिस्टरांनी सांगितलं. तिघांपैकी कोणीही त्या दोन खोल्यांच्या दारात उभं राहून विचारलेलं नाही. राखणदाराला पगार मिळत होता की खोली हाच पगार होता? पगार थकला होता का? वडिलांनी एखाद्या कागदावर काही लिहून दिलं होतं का? मागच्या छपराचा खर्च कोणी केला? तुमच्या पत्रात याबद्दल एक ओळही नाही, आणि मला तीच पोकळी सगळ्यात मोठी वाटली.

दार वाजवणं ही इथे नुसती माणुसकी नाही, ते खरेदीदाराचं काम आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा. त्याच्या तिसऱ्याच कलमात ही गोष्ट आहे: मालमत्तेचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे, त्याचा जो काही हक्क असेल तो खरेदीदाराला माहीत होता असंच धरलं जातं. ‘मला कोणी सांगितलं नाही’ हे नंतर चालत नाही. तुम्ही इंडेक्स दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, काढाल, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्याल, मिळकत पत्रिका बघाल, बघायलाच हवं. पण त्या घराचा एक कागद मागच्या खोलीत जिवंत बसलेला आहे आणि तो अजून कोणी वाचलेला नाही.

आता 2015 च्या त्या उत्तराकडे येते. पत्रात तुम्ही ते ओझरतं लिहिलंय. मला मात्र मालकांच्या घाईचं कारण त्यातच दिसतं.

मुदतीचा कायदा 1963 चा आहे. मालकीच्या जोरावर ताबा परत मागायचा असेल, तर समोरच्याचा ताबा मालकाच्या विरोधात गेल्यापासून 12 वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. परवानगीने राहणाऱ्याच्या बाबतीत ही मुदत सुरूच होत नाही. पण ज्या दिवशी तो लेखी कळवतो की ‘जागा आमची, तुमचा संबंध नाही’, त्या दिवसापासून ती सुरू झाली असं त्याचा वकील म्हणणार. 2015 मध्ये 12 मिळवा. 2027. मुदत गेली तर नुसता दावा लावायचा मार्ग बंद होत नाही, मालकाचा त्या जागेवरचा हक्कच संपतो, असं त्याच कायद्यात आहे. मालकांचे वकील उलट म्हणतील, राखणदाराला हे लागूच होत नाही, 2012 चा निकाल बघा. त्यांचं म्हणणं टिकेलही. पण तो युक्तिवाद कोण करत बसणार? मालक तेव्हा पैसे घेऊन मोकळे झालेले असतील. न्यायालयात तुम्ही उभ्या असाल.

आणि नव्या मालकाला नवी 12 वर्षं मिळत नाहीत. मुदतीचा जेवढा काळ मालकांनी घालवला, तेवढा तुमच्याही खात्यावर गेलेला असेल. म्हणून त्या उत्तराची प्रत मागा, ते मालकांच्या वकिलाला कोणत्या तारखेला मिळालं ते बघा, आणि दिवाणी काम करणाऱ्या स्वतःच्या वकिलाला दाखवा. मालकांनी सुचवलेला वकील नको. एजंटाने सुचवलेला तर नकोच.

स्वस्त. हा तुमच्या पत्रातला दुसरा शब्द, ज्यावर मी अडखळले. 45 लाखांत 80 लाखांचं घर.

मुद्रांक शुल्क 45 लाखांवर लागणार नाही. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांतली जी जास्त, तिच्यावर लागतं. म्हणजे 80 वर. हे तुम्हाला ठाऊक असेल. पुढचं बहुतेकांना ठाऊक नसतं. मुद्रांकाच्या मूल्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मालमत्ता घेतली, तर आयकर कायदा मधला फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरतो. 50 हजार किंवा किमतीच्या 10 टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढ्यापर्यंतचा फरक सोडून दिला जातो. त्यापलीकडे गेलात तर पूर्ण फरक मोजला जातो. तुमच्या व्यवहारात तो 35 लाख आहे. दोघांच्या नावे घर घेतलंत तर दोघांत विभागेल, पण 30 टक्क्यांच्या टप्प्यातून गेला तर साडेदहा लाखांच्या आसपास कर होतो, आणि तोही हाती न आलेल्या पैशावर. ‘जागेत माणसं बसली आहेत म्हणून किंमत कमी आहे’ असं सांगून मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवायची मागणी करता येते. ती वाट आहे. पण त्या वाटेवर सीए लागतो, कागद लागतात, वेळ लागतो, आणि हे खर्च ‘स्वस्त’ म्हणताना कोणी धरत नाही.

बँकेचंही आधी विचारा. ताब्याचा वाद असलेल्या घरावर कर्ज द्यायला बँका कचरतात. त्यांचा वकील आणि मूल्यांकन करणारा माणूस जागेवर जातो, आणि मागच्या खोलीतली चूल त्याच्या अहवालात येते. तुमचा निम्मा पैसा कर्जातून यायचा आहे.

मग दावा. समजा तुम्ही खरेदी केलीत, दावा लावलात आणि जिंकलात. पलीकडून अपील होईल. ते संपलं की उच्च न्यायालयात दुसरं अपील करायला वाव असतो. तेही संपलं तरी निकालपत्र म्हणजे ताबा नव्हे. त्यासाठी वेगळी दरखास्त करावी लागते, मग बेलिफ, मग एक दिवस सामान बाहेर. इथे महिने मोजत नाहीत, वर्षं मोजतात. त्या वर्षांत तुम्ही भाडंही भरणार आणि हप्ताही. त्याच घराच्या पुढच्या भागात राहायला गेलात, तर ज्यांच्यावर दावा लावलाय त्यांच्याबरोबर एकच नळ, एकच फाटक. असं राहून माणसं कशी आतून कडवट होतात ते मी जवळून पाहिलंय, दोन्ही बाजूंची.

एजंटाच्या चार लाखांबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण इथे तोलून बघण्यासारखं काही नाही. नाही म्हणा. आजच. एखादा माणूस जागेत बराच काळ स्थिर राहत असेल, तर त्याचा हक्क असो वा नसो, त्याला कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढता येतं. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. जबरदस्तीने काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत न्यायालयात गेला, तर मालकी कोणाची हे न बघता त्याला ताबा परत मिळू शकतो. खऱ्या मालकाविरुद्धसुद्धा. चार लाख देऊन तुम्ही त्या कुटुंबाला तुमच्याविरुद्धची सगळ्यात भक्कम केस हातात द्याल. वर घरात शिरल्याचा, मारहाणीचा गुन्हा नोंदवला गेला, तर ‘माणसं’ कोणाच्या सांगण्यावरून आली हे पोलीस विचारतील. तुम्ही दोघं नोकरीत आहात. वीज तोडणं, पाणी बंद करणं, फाटकाला कुलूप लावणं, हे सगळं त्यातच आलं. ‘आपण फक्त पैसे दिले, काय केलं ते आम्हाला माहीत नाही’ असं स्वतःला सांगता येईल असं एजंटाने तुम्हाला सुचवलंय. तुम्हाला झोप लागत नाही ती मला वाटतं याच वाक्यामुळे.

अपराधी का वाटतं, हा तुमचा खरा प्रश्न. त्याबद्दल सांगायला मला माझ्या लहानपणात जावं लागेल.

मी नऊ वर्षांची होते. आम्ही एका वाड्यात दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. वाडा विकला गेला आणि नवे मालक बघायला आले. आई स्टोव्हपाशी होती. ते गृहस्थ सोबतच्या मिस्त्रीशी बोलत आमच्या दारात उभे राहिले आणि मधली भिंत कुठून पाडायची ते हाताने दाखवू लागले. आईने विचारलं, ‘चहा घेणार का?’ त्यांनी ऐकलं नाही. ते वाईट नव्हते. नंतर आमचं सगळं रीतसर, पैसे देऊन-घेऊन मिटलं, भांडण झालं नाही. पण आई शेवटपर्यंत त्या भिंतीची आठवण काढायची. आम्ही आत असताना त्यांना ती खोली रिकामी दिसत होती, हे तिला लागलं होतं.

तुम्हाला ती रिकामी दिसत नाही. म्हणून अपराधी वाटतं. ही भावना घालवायचा प्रयत्न करू नका, तिने तुम्हाला एक गोष्ट बरोबर दाखवली आहे. पण तिच्या पुढेही जाऊ नका. स्वतःचं घर हवं असणं हा अपराध नाही. मालकांनी आपली जागा परत मागणं हाही नाही. आणि मागच्या खोलीतली माणसं गरीब आहेत म्हणून त्यांचं प्रत्येक म्हणणं खरं, असंही नाही. 2015 चं ते उत्तर त्यांच्या वकिलाने जरा जास्तच ताणलेलं असू शकतं. चूक एका ठिकाणी होईल. 35 लाखांची सवलत कशाबद्दल मिळते आहे हे माहीत असून ती पूर्ण आपल्या खिशात घालायची, आणि तिची किंमत एका विधवा बाईने एका रात्रीत चुकवायची, हे तिथे चुकेल. त्या सवलतीतला काही भाग तिचा आहे. कायद्याने नसेल, पण हिशेबाने आहे.

मिस्टरांचं वाक्य, ‘आपण नाही घेतलं तर दुसरा घेईल.’ घेईलही. पण ते खरोखर त्या कुटुंबाच्या काळजीतून आलं असेल, तर त्याचा अर्थ असा होतो की आपण घेतलं तर वेगळं वागू. मग कसं वेगळं वागणार, हे त्यांना विचारा. भांडणाच्या सुरात नको. कागद-पेन घेऊन बसा, त्यांना आकडे पटतात असं तुम्हीच लिहिलंय. वरचा कराचा, भाड्याचा आणि वर्षांचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा.

आता मला विचाराल तर, आहे त्या स्थितीत हे घर घेऊ नका. टोकन देऊ नका, साठेखतावर, म्हणजे विक्रीच्या करारावर, सही करू नका. पण पाठ फिरवण्याआधी एक प्रयत्न करण्यासारखा आहे, आणि तो तुमच्या स्वभावाला जमेल असं मला पत्रावरून वाटतं.

मालकांना सांगा की आम्हाला घर हवंय, पण रिकामं. खरेदीखताच्या दिवशी पूर्ण सहा गुंठ्यांचा निर्वेध ताबा मिळणार असेल तरच. किंमत वाढेल, वाढू द्या. 45 लाखांत ताब्याशिवाय घेण्यापेक्षा 65 ला किल्ली हातात घेतलेली बरी, आणि फरक कमी झाला की आयकराचा बोजाही उतरतो. 73 लाखांच्या आसपास गेलात तर तो प्रश्न उरतच नाही. आवाक्याबाहेर गेली तर सोडून द्या. मग 45 लाख ही त्या घराची किंमत कधी नव्हतीच. वाढीव रकमेतून मालकांनी त्या कुटुंबाशी तडजोड करायची. एजंटाला द्यायचे ते चार लाख चोरून कोणाच्या हातात जाण्याऐवजी उघडपणे, बँकेतून, त्या बाईच्या खात्यात गेले तर त्यांतून दुसरीकडची अनामत आणि कित्येक महिन्यांचं भाडं निघेल. ती जास्त मागेल. मागू द्या, बोलणी तशीच असतात.

ही तडजोड नुसत्या स्टॅम्प पेपरवर कधीच करू नका. मालकांनी आधी, 2015 च्या उत्तराला 12 वर्षं भरायच्या आत, ताब्याचा दावा दाखल करावा, म्हणजे मुदतीची टांगती तलवार जाते, आणि तिथेच तडजोड करून प्रकरण लोक अदालतीत ठेवावं. दावा नसतानाही दाखलपूर्व प्रकरण म्हणून ते तिथे नेता येतं, पण मुदत इतकी जवळ असताना दावा लावलेला बरा. लोक अदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील होत नाही. दावा लावलेला असेल तर भरलेलं कोर्ट फी शुल्कही परत मिळतं.

त्या कुटुंबालाही त्यांचा वकील असू दे. हे ऐकून मिस्टर दचकतील, पण यात तुमचंच भलं आहे. न समजता केलेली सही पुढे ‘आम्हाला फसवलं’ म्हणून मोडायला निघते. विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा. त्या बाईला हे माहीत नसेल तर तुम्ही सांगा.

तडजोडीत दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, राखणदाराचे सगळे वारस. घरात राहणारा मुलगाच नव्हे, लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा. एकीची सही राहिली की पाच वर्षांनी ती दारात उभी राहते. मालकांच्या बहिणीचंही तेच. वडिलांच्या मालमत्तेत तिचा हिस्सा भावांइतकाच आहे, ‘ती काही म्हणणार नाही’ या शब्दावर व्यवहार करू नका, तिची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र बघा. दुसरी गोष्ट तारीख. नातवंडं शाळेत असतील. खोल्या सोडायची तारीख मेमध्ये ठेवा, फेब्रुवारीत नको. थोडे पैसे सहीच्या दिवशी, उरलेले किल्ली देताना. त्या दिवशी ताबा पावती, फोटो, आणि त्याच संध्याकाळी तिथे तुमचं कोणीतरी राहायला.

आणखी एक शक्यता आहे, तुम्ही विचारात घेतलेली दिसत नाही. मागच्या खोल्या आणि त्यांच्यापुरती जागा, गुंठाभर असेल, मालकांनी त्या कुटुंबाच्याच नावे नोंदणीकृत दस्ताने करून द्यावी, आणि तुम्ही उरलेली घ्यावी. त्याला पोटहिस्सा पाडायला नगरपालिकेची आणि नगर भूमापनची मंजुरी लागेल, वाटेचा हक्क नीट लिहावा लागेल, आणि लहानशा तुकड्याला मंजुरी मिळेल का ते आधी तपासावं लागेल. सगळीकडे जमणारं नाही. पण जमलं, तर कोणालाच बाहेर काढायची वेळ येत नाही, आणि शेजारी म्हणून तुम्हाला तुमच्याबद्दल राग नसलेली माणसं मिळतात. माझा जीव या शक्यतेत जरा जास्त अडकलाय, हे कबूल करते.

अशीच पत्रं मला इतरांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. बँकेच्या लिलावातलं घर घेत असाल तर जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ लिहिलंय की ‘प्रत्यक्ष ताबा’, ते आधी वाचा. सांकेतिक म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली आहे, आत माणसं तशीच आहेत. विक्री ‘जिथे आहे, जसं आहे’ असते. बोली लागली की 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायची, आणि बाकीची साधारण 15 दिवसांत. तेव्हा आत कोण आहे हे शोधायला बोली लागल्यावर वेळच नसतो. बँकेने ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याच्या कलम 14 खाली, अर्ज केलाय का, आदेश झालाय का, आणि कर्ज वसुली न्यायाधिकरणात कोणी दाद मागितली आहे का, हे आधी लेखी विचारा. शेतजमीन असेल तर सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना आणि जुने फेरफार पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथे कुळाचं नाव असेल तर तो विषयच वेगळा आहे, कूळ कायद्याचा. घरांच्या बाबतीत नगरपालिकेच्या कर आकारणी उताऱ्यात मालकाच्या शेजारी ‘भोगवटादार’, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणारा, असा रकाना असतो. तिथे कोणाचं नाव कधीपासून आहे, लाइटचं मीटर कोणाच्या नावावर आहे, आणि ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर दोन्ही बाजूंच्या नावांनी काही दावा दिसतो का, हे बघायला एक दिवस पुरतो.

ताई, तुमच्या मागच्या दोन खोल्यांचा उतारासुद्धा काढा. मालकांची नावं तुम्हाला माहीत आहेत. त्या बाईचं नाव तुमच्या पत्रात नाही. भोगवटादाराच्या रकान्यात कदाचित ते सापडेल.

मग एखाद्या रविवारी सकाळी जा. एजंटाशिवाय. मिस्टर आले तर उत्तम, नाहीतर एकट्या. पुढच्या फाटकातून आत गेलात की पुढचं घर बघत थांबू नका, सरळ मागे जा. नावाने हाक मारा. कोण आहात ते खरं सांगा, की ‘हे घर घ्यायचा विचार आहे, अजून घेतलेलं नाही, घ्यायच्या आधी तुम्हाला भेटायला आले.’ काही कबूल करू नका, काही वचन देऊ नका, तिच्याकडून काही लिहून घेऊ नका. फक्त विचारा, तुम्ही इथे कधी आलात, कोणी आणलं. ती ओरडेल कदाचित. दार लावून घेईल कदाचित. ‘बसा’ म्हणाली तर बसा, आणि चहा विचारला तर घ्या.

काय म्हणाली ते मला कळवा.